अणुभार चुकला, तरी सारणी कशी टिकली?

प्रश्न असा आहे: "मेंडेलीव्हने १८६९ साली अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मूलद्रव्यं मांडली. पुढे मोझलीने दाखवलं की खरा आधार अणुअंक आहे. म्हणजे मेंडेलीव्हचा नियमच चुकीचा होता ना? मग श्रेय त्याला का? आणि आज दिसते ती आवर्तसारणी नेमकी कशी तयार झाली, ती आता पूर्ण झाली का?"

असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारं पोर बहुधा वर्गातलं चौकस असतं, कारण यातली अडचण खरी आहे. थोडक्यात सांगायचं तर मेंडेलीव्हने दिलेलं कारण चुकलं, मांडणी चुकली नाही. आणि असं एकदाच नाही, तीन-चारदा झालंय. दर वेळी वाटलं की आता सारणी मोडणार, आणि दर वेळी ती थोडी सरकून पुन्हा बसली. हे कसं जमलं ते कळायला १८६९ पासून सुरुवात करून चालत नाही. (हल्ली पाठ्यपुस्तकांत 'अणुवस्तुमान' म्हणतात, माझ्या तोंडी जुना 'अणुभार' बसलाय, तोच वापरतो. अणुअंक म्हणजे अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या.)

१७८९ साली लाव्हाझिएने ३३ 'साध्या पदार्थां'ची यादी दिली. तीत प्रकाश आणि उष्णता हीही मूलद्रव्यं म्हणून आहेत, चुना, मॅग्नेशिया आणि सिलिकाही आहेत. आजच्या हिशेबाने त्यातली २३च खरी. पण ती नुसती यादी होती. यादीची सारणी व्हायची तर प्रत्येक मूलद्रव्याला एक आकडा चिकटावा लागतो, म्हणजे मग क्रम लावता येतो. तो आकडा डाल्टनच्या अणुसिद्धांताने दिला, पण अर्धवट दिला. १ ग्रॅम हायड्रोजन ८ ग्रॅम ऑक्सिजनशी संयोग पावतो, इतकं तराजू सांगतो. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू किती, हे तराजूला कुठून कळणार? एक धरला तर ऑक्सिजनचा अणुभार ८, दोन धरले तर १६. डाल्टनने एक धरला होता. त्यामुळे पुढची पन्नास वर्षं कार्बन कुणाच्या वहीत ६ तर कुणाच्या वहीत १२ असा चालला. गोंधळ किती होता पाहा: केकुलेने १८६१ साली आपल्या पुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची त्या काळी चालू असलेली १९ वेगवेगळी सूत्रं नोंदवून ठेवली आहेत.

हा गुंता सोडवायला सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे तीन दिवसांची परिषद भरली. ठराव वगैरे काही झाला नाही. पण शेवटी इटलीच्या कानिझारोची एक पुस्तिका वाटली गेली. ॲव्होगॅड्रोने १८११ साली मांडलेली कल्पना, म्हणजे समान तापमानाला आणि दाबाला समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते ही, धरून बाष्पांच्या घनतांवरून अणुभार कसे काढायचे ते तीत स्वच्छ सांगितलं होतं. लोथर मायरने नंतर लिहिलं की ती वाचून डोळ्यांवरचं झापड गळून पडलं. त्याच परिषदेत २६ वर्षांचा मेंडेलीव्हही हजर होता.

माझ्या मते सारणीचा खरा जन्म इथे झाला. पुरावा म्हणजे पुढची दहा वर्षं. फ्रान्समध्ये द शांकुर्तुआ, इंग्लंडमध्ये न्यूलँड्स आणि ओडलिंग, अमेरिकेत हिनरिक्स, जर्मनीत मायर, रशियात मेंडेलीव्ह: सहा जणांना एकाच दशकात, बहुतेक एकमेकांची खबरही नसताना, तोच नमुना दिसला: अणुभाराच्या क्रमाने लावलं की ठरावीक अंतराने गुण परत येतात. सहाही जण अचानक प्रतिभावान झाले असं नाही. आकडे ताळ्यावर आले होते.

त्याआधीही कुजबुज होतीच. डोबेरायनरची त्रिकं शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असतात: लिथियम ७, पोटॅशियम ३९, दोघांची सरासरी २३, आणि तोच सोडियमचा अणुभार. हे १८२९ चं. पण तीन-तीनचे सुटे गट हाती आले, त्यांना ओवणारा दोरा मिळाला नाही. द शांकुर्तुआ मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. त्याने १८६२ साली मूलद्रव्यं एका नळकांड्याभोवती तिरक्या रेघेवर गुंडाळली, एका वेढ्याला १६ एककं. सारखी मूलद्रव्यं बरोबर एकाखाली एक आली. दुर्दैव असं की शोधपत्रिकेने लेख छापताना आकृतीच गाळली, आणि मळसूत्री मांडणी आकृतीवाचून कुणाला कळणार?

न्यूलँड्सची गोष्ट जास्त बोलकी आहे. त्याला दिसलं की दर आठव्या मूलद्रव्याला गुण परत येतात, स्वरांसारखे; सा रे ग म प ध नी, मग पुन्हा सा. (पुनरावृत्ती सात घरांनंतर होत होती, तेव्हा त्याच्या 'अष्टकांच्या नियमा'ला 'सप्तकांचा नियम' म्हटलं असतं तरी चाललं असतं.) १८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत त्याने हे मांडलं, तेव्हा एका प्राध्यापकाने विचारलं, मूलद्रव्यं वर्णानुक्रमाने लावून पाहिलीत का? ही थट्टा पाठ्यपुस्तकांत चवीने सांगतात आणि न्यूलँड्सची कीव करतात. मला मात्र तो प्रश्न पुरता अन्यायाचा वाटत नाही. न्यूलँड्सने कॅल्शियमपर्यंत छान जमलेली चाल पुढेही हट्टाने ओढली. कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात कोंबून क्लोरीन-ब्रोमीनच्या रांगेत बसवले, आणि लोखंड ऑक्सिजन-गंधकाच्या. नियम वाचवायला रसायनशास्त्राचा बळी दिला. शिवाय न सापडलेल्यांसाठी जागा ठेवली नाही. १८८७ साली रॉयल सोसायटीने त्याला डेव्ही पदक दिलं हे खरं, पण मेंडेलीव्हचं वेगळेपण कशात होतं ते इथेच दिसतं.

मेंडेलीव्हला सारणी हवी होती ती पुस्तक पुरं करायला. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात तो शिकवत होता आणि विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता. पहिला खंड संपत आला तेव्हा हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन आणि हॅलोजन एवढंच झालं होतं. माहीत असलेली मूलद्रव्यं ६३, म्हणजे पन्नासाहून जास्त उरली, आणि दुसऱ्या खंडात ती कोणत्या क्रमाने घ्यायची? पुस्तक लिहिणाऱ्या कुणालाही ही अडचण ओळखीची वाटेल. हॅलोजननंतर अल्कली धातू घ्यायचे त्याने ठरवलं, आणि दोन्ही घराण्यांचे अणुभार शेजारी ठेवले: फ्लुओरीन १९ आणि सोडियम २३, क्लोरीन ३५.५ आणि पोटॅशियम ३९, ब्रोमीन ८० आणि रुबिडियम ८५, आयोडीन १२७ आणि सीझियम १३३. एकमेकांशी अजिबात न जुळणारी दोन घराणी, पण दर जोडीतला फरक ३.५ ते ६ च्या आत. तिथे धागा सापडला. १ मार्च १८६९ (रशियाच्या तेव्हाच्या कालगणनेत १७ फेब्रुवारी) ही त्या तक्त्याची तारीख. स्वप्नात अख्खी सारणी दिसली ही कथा मला कधीच पटली नाही. त्याचा हस्तलिखित कागद खाडाखोडीने भरलेला आहे, आणि स्वप्नात कुणी खाडाखोड करत नाही.

तो पहिला तक्ता आज विद्यार्थ्यांना दाखवला तर ते हसतात. शिसं कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियमच्या रांगेत. थॅलियम सोडियम-पोटॅशियमबरोबर. पारा तांबं-चांदीबरोबर, आणि सोनं व युरेनियम दोन्ही चक्क ॲल्युमिनियमच्या रांगेत! मी मुद्दाम दाखवतो, कारण सारणी एका दिवसात अवतरली हा समज त्याने मोडतो. दोन वर्षं घासूनपुसून १८७१ मध्ये त्याने आठ गणांची (गण म्हणजे सारख्या स्वभावाच्या मूलद्रव्यांचा स्तंभ) सुधारित सारणी काढली. आपण 'मेंडेलीव्हची सारणी' म्हणून शिकतो ती ही.

त्या दोन वर्षांत त्याने जे केलं त्यातलं एक उदाहरण मला भाकितांपेक्षाही आवडतं, ते इंडियमचं. इंडियम १८६३ मध्ये सापडलेलं. त्याचा संयोगभार, म्हणजे १ ग्रॅम हायड्रोजनच्या जागी येणारं त्याचं वजन, प्रयोगाने ३७.८ येत होता; त्याला संयुजेने गुणलं की अणुभार मिळतो. सगळे समजत होते की त्याची संयुजा जस्तासारखी २, म्हणून अणुभार ३७.८ × २ = ७५.६. आता सारणीत पाहा: आर्सेनिक ७५, लगेच सेलेनियम ७९. मध्ये घरच नाही. मेंडेलीव्ह म्हणाला, प्रयोग बरोबर असेल, संयुजा चुकली आहे. ३ धरा. ३७.८ × ३ = ११३.४. कॅडमियम ११२ आणि कथिल ११८, यांच्यामध्ये एक घर रिकामं होतं, ॲल्युमिनियमच्याच गणात. इंडियम तिथे बसलं आणि आजही तिथेच आहे. युरेनियमचंही तसंच: १२० च्या आसपासचा प्रचलित आकडा त्याने सरळ दुप्पट करून २४० केला. सारणी आता आकडे मांडत नव्हती, आकडे तपासत होती. मायरचा १८७० चा अणु-आकारमानाचा आलेख दिसायला फार सुंदर आहे, अल्कली धातू शिखरांवर आणि मध्ये दऱ्या, पण अशी दुरुस्ती हक्काने करायला तो धजावला नाही. म्हणून माझं मत मेंडेलीव्हच्या बाजूने. १८८२ चं डेव्ही पदक मात्र दोघांना मिळून दिलं गेलं, आणि तेही योग्यच होतं.

भाकितं सगळ्यांना माहीत असतात, पण त्यातल्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन या नावांतला 'एका' हा आपला संस्कृत 'एक', म्हणजे त्या मूलद्रव्याच्या खाली एक घर. १८७५ मध्ये ल्कॉक द ब्वाबोद्राँने वर्णपटाच्या साहाय्याने गॅलियम शोधलं. घनता मोजली ती ४.७ आली. मेंडेलीव्हने कळवलं, ५.९ यायला हवी, नमुना आणखी शुद्ध करून पाहा. पुन्हा मोजली तर ५.९. ज्याने धातू डोळ्यांनी पाहिला नव्हता तो पाहणाऱ्याची चूक दाखवत होता. १८७९ मध्ये निल्सनला स्कँडियम मिळालं, ते एका-बोरॉन.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. १८८६ मध्ये विंक्लर अर्जिरोडाइट नावाच्या खनिजाचं विश्लेषण करत होता आणि घटकांची बेरीज १०० होईना, दर वेळी सुमारे ७ टक्के कमी. उरलेलं ते जर्मेनियम. विंक्लरला वाटलं हे अँटिमनी आणि बिस्मथमधल्या जागेचं. खुद्द मेंडेलीव्हला आधी वाटलं की ते कॅडमियमच्या गणातलं असावं. ते एका-सिलिकॉन आहे हे आधी इतरांनी ओळखलं, त्यात लोथर मायर होता! अणुभार भाकितात ७२, निघाला ७२.३, क्लोराइड १०० अंशांच्या आत उकळेल असं म्हटलं होतं, ते ८६ अंशांना उकळलं.

न फळलेली भाकितंही होती. हायड्रोजनपेक्षा हलकी मूलद्रव्यं असतील, त्यातलं एक म्हणजे विश्व व्यापणारा ईथर, असं त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गंभीरपणे मांडलं होतं.

आता मूळ प्रश्नाचा गाभा. मेंडेलीव्हने अणुभाराचा नियम सांगितला आणि स्वतःच एका ठिकाणी मोडला. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड आहे (आजचे आकडे १२७.६ आणि १२६.९), तरी त्याने टेल्युरियम आधी ठेवलं. टेल्युरियमचा अणुभार चुकीचा मोजला गेला असणार, अशी त्याची खात्री होती. ती खात्री खोटी ठरली. पुनःपुन्हा मोजूनही आकडा खाली आला नाही. मी वर्गात एक खेळ घेतो. नावं नसलेले कागदाचे पत्ते द्यायचे, प्रत्येकावर अणुभार, ऑक्साइडचं सूत्र, थोडे गुणधर्म; आणि लावा म्हणायचं. टेल्युरियम-आयोडीनपाशी प्रत्येक गट अडतो, कुजबुजतो, आणि शेवटी जवळजवळ सगळे गुणधर्माच्या बाजूने कौल देतात. मेंडेलीव्हनेही तोच दिला होता. त्याच्या मनात अणुभार हा दोरा होता, मणी ओळखायचे ते रसायनावरूनच.

पहिला मोठा धक्का आला तो १८९४ मध्ये, हवेतून. रॅलेच्या लक्षात आलं की हवेतून वेगळा काढलेला नायट्रोजन लिटरमागे १.२५७२ ग्रॅम भरतो आणि संयुगांपासून बनवलेला १.२५०५ ग्रॅम. फरक अर्धा टक्का. दुसऱ्या कुणी तो प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिला असता. रॅले आणि रॅमसे यांनी पाठपुरावा केला आणि आरगॉन मिळाला, कशाशीच संयोग न पावणारा. हायड्रोजनच्या तुलनेत त्याची घनता २० पट होती. रेणूत दोन अणू असते तर अणुभार २० आला असता, आणि फ्लुओरीन १९ व सोडियम २३ यांच्यामध्ये तो कसा चपखल बसला असता! पण त्या वायूतला ध्वनीचा वेग सांगत होता की रेणू एकाच अणूचा आहे. म्हणजे अणुभार ४०. आणि पोटॅशियमचा ३९. पोटॅशियमच्या पुढे हा निष्क्रिय वायू ठेवायला सारणीत घर नव्हतं, गणही नव्हता. मेंडेलीव्हला वाटलं हा तीन अणूंचा नायट्रोजन असावा. त्या वेळी सारणी वाचवण्यासाठी प्रयोग नाकारायचा मोह अनेकांना झाला. रॅमसेने उलट केलं: १८९५ मध्ये पृथ्वीवर हेलियम मिळवला, १८९८ मध्ये ट्रॅव्हर्सच्या मदतीने निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन. एकट्या आरगॉनला घर नव्हतं. पाच जणांचं घराणं म्हटल्यावर हॅलोजन आणि अल्कली धातूंच्या मध्ये आख्खा नवा स्तंभ उभा राहिला, आणि बाकीचं एकही मूलद्रव्य हलवावं लागलं नाही. फक्त आरगॉन-पोटॅशियमची जोडी उलटी राहिली. वर दिलेल्या जोड्या पुन्हा पाहा, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९. त्यांच्यामधल्या फटीत एक घर लपलेलं होतं.

दुसरा धक्का किरणोत्सर्गाचा. १८९८ ला क्यूरी दांपत्याने पोलोनियम आणि रेडियम शोधलं इथवर ठीक होतं. पण पुढच्या दहा-बारा वर्षांत युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासातून तीसहून जास्त 'नवी मूलद्रव्यं' बाहेर पडली आणि शिसं ते युरेनियम या पट्ट्यात मोकळी घरं मूठभर. तीस पाहुणे आणि चार खोल्या. सॉडीने १९१३ मध्ये उत्तर दिलं: यातले अनेक रासायनिक दृष्ट्या एकच आहेत, फक्त वजन वेगळं, त्यांना एकाच घरात ठेवा. 'समस्थानिक' हा शब्द फोडून पाहा, समान स्थान असणारा. कुठलं स्थान? सारणीतलं. शब्द रोज वापरूनही हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

इथे अणुभाराचं सिंहासन डळमळलं. रिचर्ड्सने आयुष्य अणुभार बिनचूक मोजण्यात घालवलं, त्यासाठीच त्याला १९१४ सालचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी त्याने दाखवलं की युरेनियमच्या खनिजातल्या शिशाचा अणुभार साध्या शिशापेक्षा कमी, २०६ च्या जवळ भरतो; साध्याचा २०७.२. रसायन तेच, वजन वेगळं.

मग क्रम कशाने लावायचा? व्हान डेन ब्रुक नावाच्या डच हौशी अभ्यासकाने सुचवलं होतं की घराचा क्रमांक हाच केंद्रकावरचा प्रभार असावा. मोझलीने १९१३-१४ मध्ये ते मोजून दाखवलं. प्रत्येक मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला की त्याचे खास क्ष-किरण निघतात. त्यांच्या वारंवारतेचं वर्गमूळ काढलं तर ते एका घरागणिक सारख्याच पायरीने वाढतं. जिन्यासारखं. कोबाल्ट २७, निकेल २८, अणुभार उलटे असले तरी. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. आणि पायरी चुकली की कळतं: ४३, ६१, ७२, ७५ रिकामे. मेंडेलीव्ह रिकामी घरं अंदाजाने सांगत होता. मोझलीनंतर ती मोजता यायला लागली. विरळ मृदा मूलद्रव्यं (लँथॅनम आणि त्याच्यासारखीच, एकमेकांपासून वेगळी करायला अवघड) एकूण किती, हा तोवर न सुटलेला वाद होता. फ्रान्सचा उर्बां हा त्यातला मोठा जाणकार, वर्षानुवर्षं स्फटिकीकरण करून त्याने नमुने वेगळे केले होते. १९१४ मध्ये तो ते ऑक्सफर्डला घेऊन गेला आणि मोझलीने थोडक्या वेळात कशात काय आहे ते सांगून टाकलं. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १९१५ ला, गॅलिपोलीच्या लढाईत मोझली मारला गेला. वय २७.

आता त्या उलट्या जोड्या का उलट्या? हे उत्तर समस्थानिकांनी दिलं आणि मला ते फार आवडतं. टेल्युरियमचे सगळ्यात विपुल समस्थानिक १२८ आणि १३० हे जड आहेत, तर आयोडीनचा निसर्गात एकच, १२७. आरगॉनचं कारण तर याहून गमतीचं. हवेतला ९९.६ टक्के आरगॉन हा आरगॉन-४० आहे, आणि तो पृथ्वीच्या पोटातल्या पोटॅशियम-४० च्या ऱ्हासातून आलाय. म्हणजे पोटॅशियमपेक्षा जड ठरून ज्याने सारणीला घोर लावला तो आरगॉन पोटॅशियमचंच अपत्य निघाला. सूर्यावर आरगॉन-३६ जास्त आहे. तिथल्या रसायनशास्त्रज्ञाला ही जोडी उलटी दिसलीच नसती.

तेव्हा मेंडेलीव्ह चुकला का, याचं उत्तर: बहुतेक मूलद्रव्यांत प्रोटॉन वाढले की न्यूट्रॉनही वाढतात, म्हणून अणुभार अणुअंकाच्या मागोमाग चालतो. तो सावलीवरून माणूस ओळखत होता. सावली तीन-चार ठिकाणी वाकडी पडली, त्यातल्या टेल्युरियमपाशी त्याने माणसाकडे पाहिलं.

पण अणुअंकाने क्रम दिला, आवर्तन का होतं ते सांगितलं नाही. ते इलेक्ट्रॉनांनी सांगितलं. हा भाग पुस्तकांत भरपूर असतो, म्हणून थोडक्यात. बोहरने कवचं मांडली, पाउलीने १९२५ मध्ये एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन हे बंधन घातलं, आणि आवर्तांची, म्हणजे सारणीतल्या आडव्या ओळींची, लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ का आहे याचा हिशेब लागला. याची एक पारख झाली होती. ७२ क्रमांकाचं मूलद्रव्य विरळ मृदांपैकी असेल असं अनेक जण धरून होते. बोहरचा हिशेब म्हणत होता की ७१ ला ती रांग भरते, ७२ झिर्कोनियमसारखं असेल. कोस्टर आणि हेवेशी यांनी कोपनहेगनमध्ये झिर्कोनियमच्या खनिजांत शोधलं आणि १९२२ च्या डिसेंबरात, बोहर नोबेलचं भाषण द्यायला स्टॉकहोमला गेला असताना, ते मिळाल्याची खबर त्याला पोचली. ते हाफ्नियम, हाफ्निया हे कोपनहेगनचं लॅटिन नाव. एक सावधानता मात्र मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो: कवचं भरण्याचा जो तिरक्या बाणांचा क्रम पाठ करता तो सोयीचा नियम आहे. क्रोमियम आणि तांबं तो पाळत नाहीत.

शेवटची मोठी उलथापालथ अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ सीबॉर्गची. १९४० पर्यंतच्या तक्त्यांत थोरियम, प्रोटॅक्टिनियम, युरेनियम हे हाफ्नियम, टँटलम, टंगस्टनच्या खाली, मुख्य तक्त्यात छापलेले आढळतील. नेपच्युनियम आणि प्लुटोनियम तयार झाल्यावर पुढची दोन, ९५ आणि ९६, त्याच समजुतीने शोधली जात होती आणि हाती लागत नव्हती, कारण अपेक्षित रसायन वेगळंच होतं. सीबॉर्गने १९४४ मध्ये ती विरळ मृदांसारखी असतील असं धरलं आणि ती मिळाली. ॲक्टिनियमपासूनची आख्खी ओळ उचलून खाली नेली गेली. नावंही तशीच बेतली: युरोपियमखाली अमेरिशियम, गॅडोलिनच्या नावाच्या गॅडोलिनियमखाली क्यूरी दांपत्याच्या नावाचं क्युरियम. तळाशी दोन ओळी सुट्या टांगलेला आजचा चेहरा तेव्हाचा.

स्तंभांचे क्रमांक हा किरकोळ वाटणारा पण डोकेदुखीचा विषय. जुन्या पुस्तकांत गणांना 'अ' आणि 'ब' असत, आणि युरोपात व अमेरिकेत त्यांचा अर्थ उलट. जुनं पुस्तक उघडलंत तर आधी ते कुठलं आहे ते पाहा. १ ते १८ हे सरळ क्रमांक १९८० च्या दशकातले.

पूर्ण झाली का? २०१६ मध्ये ११३, ११५, ११७ आणि ११८ यांना निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगॅनेसॉन ही नावं मिळाली आणि सातवं आवर्त भरलं. पण वाद मिटलेले नाहीत. हायड्रोजन अल्कली धातूंवर ठेवायचा, हॅलोजनवर, की अधांतरी? हेलियमचे इलेक्ट्रॉन पाहिले तर तो बेरिलियमवर जायला हवा, स्वभाव पाहिला तर निऑनवर. तिसऱ्या गणात यिट्रियमखाली लँथॅनम की ल्युटेशियम, यावर आजही तज्ज्ञांत दोन तट आहेत; माझा कल ल्युटेशियमकडे. 'निष्क्रिय वायू' हे नाव तर १९६२ मध्ये बार्टलेटने झेनॉनचं संयुग बनवलं तेव्हाच खोटं ठरलं; आता आपण राजवायू म्हणतो. खालच्या घरांत आवर्तनच सैल होताना दिसतं. जड अणूंत आतले इलेक्ट्रॉन इतके वेगवान असतात की सापेक्षतेचे परिणाम रसायनात उतरतात. सोन्याचा पिवळेपणा आणि पाऱ्याचं द्रवरूप यांमागे तेच आहेत. ओगॅनेसॉन राजवायूंच्या स्तंभात आहे, पण गणितं सांगतात की तो पुरेसा जमवता आला तर बहुधा वायू नसेल. जमवणार कसा? त्याचे मोजके अणूच आजवर बनलेत आणि ते मिलिसेकंदाच्या आत संपतात.

११९ आणि १२० साठी प्रयत्न चालू आहेत, अजून कुणाचा दावा मान्य झालेला नाही. ११९ मिळालं तर आठवं आवर्त सुरू होईल आणि ते फ्रॅन्सियमच्या खाली बसेल. त्या घरात अणुअंक ठळक छापतील. अणुभाराच्या जागी, आज तळाच्या ओळीत बहुतेक घरांत असतो तसा, कंसात एक पूर्णांक असेल, सर्वांत जास्त टिकणाऱ्या समस्थानिकाचा. हायड्रोजनच्या घरातही २०१० पासून अधिकृत अणुभार हा एक आकडा राहिलेला नाही, १.००७८४ ते १.००८११ असा पल्ला दिला जातो, कारण पाणी कुठून आणलं यावर तो अवलंबून असतो.